वैनगंगेवर तीन-चार दिवसांची कयाक सफर, सोबत गावचाच वाटाड्या : जाणकारांनी मदत करावी

रेतीघाट

राम राम मंडळी. बरेच दिवसांपासून डोक्यात आहे ते आज टाकतो. लांब होईल, पण वाचा.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला. आमच्या गावची ढिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची, पोरं लहानपणापासून पाण्यात, पाण्याचा रंग पाहून इथं कमरेएवढं आहे की डोह आहे ते सांगतात, आणि तीच पोरं आता कामासाठी हैदराबाद नाहीतर पुण्याला जातात कारण मासोळीवर घर चालत नाही. अन् इकडे नागपूरचे लोक नदीत होडी वल्हवायला पैसे भरून ऋषिकेशला जातात. केरळात चालियार नदीवर निलंबूरपासून बेपूरला समुद्राला लागेपर्यंत ६८ किलोमीटरची तीन दिवसांची सफर होते, लोक कयाक वल्हवत जातात, वाटेत मुक्काम करतात, नदीतला प्लास्टिकचा कचरा पण काढत जातात. आपल्या वैनगंगेवर हे का होऊ नये?

डोक्यात असं आहे. पवनीच्या घाटावरून निघायचं, डाव्या हाताला लाखांदूर तालुका ठेवून खाली यायचं, चुलबंद नदी मिळते तो भाग ओलांडायचा आणि वडशाच्या पुलापाशी संपवायचं. वडशाला गोंदिया-बल्लारशा लाइनचं स्टेशन आहे, पाहुण्यांना परत जायला सोपं. आठ पाहुणे, त्याच्यावर नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी एवढाच सीझन.

एका गोष्टीवर मी अडून आहे. वाटाड्या म्हणजे गावचा ढिवर, आणि नदीवर शेवटचा शब्द त्याचा. बाहेरचा ट्रेनर त्याला दोरी फेकणं, शिट्टीच्या खुणा, प्रथमोपचार शिकवेल, पण "आज निघायचं नाही" असं वाटाड्या म्हणाला की कितीही पैसे भरलेला पाहुणा असो, निघायचं नाही.

पाणी कधी किती असतं, मुक्काम कुठे करावा, कॅनो घ्यावी की कयाक, परवानग्या कोणाकोणाच्या, जे माहीत असेल ते सांगा.

धरणाखालचा

कल्पना चांगली आहे. मी पाटबंधारेत नोकरी केली, म्हणून फक्त पाण्याचं बोलतो.

तुमचा पूर्ण पट्टा गोसेखुर्द धरणाच्या खाली येतो. धरणाखालच्या नदीचं आणि मोकळ्या नदीचं गणित वेगळं. मोकळ्या नदीत आभाळ भरून आलं की माणूस सावध होतो. धरणाखाली आभाळ निरभ्र असतं, थंडी मस्त पडलेली असते, आणि रात्री दोन वाजता वरून पाणी सुटलं तर रेतीवरचा तंबू ओला होईपर्यंत कळत नाही. हिवाळ्यात नदीला पाणी कमी असतं, गावकरी चालत ओलांडतात अशा जागा निघतात, त्यामुळे लोकांना वाटतं ही काय करणार. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला काय झालं ते भंडारा ते गडचिरोली सगळ्यांना आठवत असेल. पाणी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आलं आणि गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले गेले. तुम्ही पावसाळ्यात जाणार नाही हे बरोबर, पण अवकाळी आपल्याकडे जानेवारीतही येतो.

त्यामुळे नियम करून टाका. मुक्काम रेतीच्या बेटावर कधीच नाही, फोटो कितीही चांगले येवोत. काठावर मागच्या पुराचा काडीकचरा, पऱ्हाटीची धसकटं, प्लास्टिक झुडपात अडकलेलं दिसतं ती रेषा बघा आणि तिच्या वर तंबू लावा. बोटी खुंटीला बांधू नका, रेतीतली खुंटी पाणी चढलं की सुटते, झाडाला बांधा. झोपताना पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा, पाळीपाळीने उठून बॅटरी मारून पाहा, काडी पाण्यात गेली की सगळ्यांना उठवा. आणि निघण्याआधी धरणाच्या नियंत्रण कक्षाला व तहसीलला लेखी कळवा, कोणत्या रात्री कोणत्या गावाजवळ थांबणार, वाटाड्याचा मोबाइल नंबर कोणता. तुमचा मार्ग भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली तिन्ही जिल्ह्यांना लागतो, तिन्हीकडे कागद गेला पाहिजे.

वडसा_ते_डुलूथ

मी मूळची वडशाची, आता मिनेसोटात असते. तुमचा धागा वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले.

इथे आमच्यापासून जवळ बाउंडरी वॉटर्स म्हणून भाग आहे, हजाराहून जास्त तलाव, मधे जंगल, आणि लोक कॅनोत तंबू-शिधा घालून चार-पाच दिवस जातात. तिथे एका गटात ९ माणसं आणि ४ होड्या ह्याच्या वर सोडत नाहीत. ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करायचा, तिथे लोखंडी चुलीची जाळी आणि मागे झाडीत संडास असतो, बाकी काही नाही. म्हणून तुमचा आठ पाहुण्यांचा आकडा बघून बरं वाटलं. तो वाढवू नका, मागणी आली तरी.

कॅनो की कयाक ह्याचं माझं मत सांगते. कॅनो वरून उघडी, एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं, दोघं बसतात आणि मधे भरपूर सामान राहतं. मागे बसलेला दिशा धरतो, पुढचा जोर लावतो आणि समोरचे खडक-खुंट बघतो. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं, बैठक खाली असते म्हणून वाऱ्यात ती कमी भरकटते, पण बंद कयाकमध्ये सामान मोजकंच मावतं आणि उलटली तर आतून निघायचा सराव लागतो. पहिल्यांदाच होडीत बसणाऱ्या पाहुण्याला वरून बसायची उघडी कयाक, ज्याला सीट-ऑन-टॉप म्हणतात, तीच द्या. उलटली तर माणूस सरळ पाण्यात पडतो, अडकत नाही. सामान वाटाड्याच्या मोठ्या होडीत. सगळे कपडे, पांघरूण, पीठ-मीठ ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड तीनदा गुंडाळून क्लिप लावायची, आणि बॅग होडीला बांधायची. कोरडं पांघरूण हा तिसऱ्या रात्रीचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो हे अनुभवाने सांगते.

अजून एक. चांगला गाइड पहिल्या दिवशी कमी अंतर घेतो. लोकांचे खांदे, मनगटं, तळहात तयार नसतात. पहिला दिवस सात-आठ किलोमीटर, मग वाढवा.

ढिवराचा_पोरगा

मी काठावरचाच हाव. आमचा बाबा अजून जाळं टाकते. हे जे रेतीघाट भाऊनं लिवलं का शेवटचा शब्द वाटाड्याचा, ते वाचून बरं वाटलं, नाहीतं आमाले लोक फक्त बोट वढाले बलावते.

आता नदीचं सांगतो. पाण्याहून मोठा धोका हाय रेतीच्या खड्ड्याचा. घाटावून रेती उपसली त्या जागी गड्ढे पडले, वरून पानी सारखंच दिसते. तुमी गुडघाभर पान्यात उभे रायता, एक पाय पुढं टाकला का डोक्यावून पानी. ज्याइले पोहता येत नाई ते तसेच जाते, दरसाली गनपती-देवी शिरवाले गेलेले पोट्टे असेच जाते. म्हनून पाहुन्याइले सांगून ठेवाचं, वाटाड्या पयले उतरन, बांबूनं चाचपन, मंगच बाकीचे उतरतीन. लघवीले बी उतराचं तं इचारून.

दुसरं, जाळे. संध्याकाळी आमी जाळं टाकतो, नायलनचं हाय, दिसत नाई, सकाळी काढतो. सकाळी लौकर निघान तं वल्हं अटकन आनं जाळं फाटन, आनं जाळं फाटलं का त्या घरचा धंदा बुडते. उन्हं वर आल्यावर निघा, जाळे निघून गेले रायते. आनं ज्या गावापासून जाता त्या गावच्या मासेमार सोसायटीले आधी सांगा, त्याइचा मान हाय.

पानी कसं वाचाचं ते लिवून नाई सांगता येत सारं, पन एवढं पाहा. वरून सपाट चाललेलं पानी एकाएकी सुरकुतलं आनं सुरकुती तुमच्याकडं टोक करून हाय, तं खाली गोटा नाहीतं खुंट हाय. टोक खालच्या अंगाले असन, दोन्हीकडून पानी येऊन मंधात गुळगुळीत जीभ दिसन, तं ती वाट हाय, तिथून जा. पडलेलं झाड पान्यात असन तं त्याच्या वरच्या बाजूले कधीच जाऊ नका, पानी फांद्याइतून निघून जाते, माणूस नाई निघत.

वडसा_ते_डुलूथ

@ढिवराचा_पोरगा, दादा, हेच सगळं इथे गाइडच्या कोर्समध्ये पैसे घेऊन शिकवतात. पडलेल्या झाडाला इथे चाळणी म्हणतात आणि नदीवरच्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि झाड टाळताच येत नसेल तर उलट त्याच्याकडे पोटावर जोरात पोहून वर चढायचं. हे पाहुण्यांकडून पहिल्या सकाळी उथळ पाण्यात करून घ्या. जोपर्यंत प्रत्येकाने एकदा होडी उलटवून परत वर चढून दाखवलं नाही तोपर्यंत निघू नका.

झाडीपट्टी_ताई

आरमोरी तालुक्यात शिक्षिका आहे. दोन गोष्टी कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

एक, वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा सगळा पट्टा वाघाच्या हल्ल्यांचा आहे, आमच्या शाळेतल्या लेकरांच्या घरची माणसं गेली आहेत. वरच्या अंगाला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्यातच ऑक्टोबर २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप आमच्या गडचिरोली जिल्ह्यात फिरतो. म्हणून "निसर्गात, झाडीत, एकांतात कॅम्पिंग" असलं काही ह्या भागात चालणार नाही. मुक्काम गावाला लागून करा. शाळेचं पटांगण, समाजमंदिर, नदीकाठचं देऊळ, ग्रामपंचायतीला विचारून. अंधार पडल्यावर नदीवर पाणी आणायलाही एकट्याने जायचं नाही. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, तर नाहीच, तेव्हा पहाटे माणसंही जंगलात आणि अस्वलंही.

दुसरी गोष्ट बायांची. बाई पाहुणी असेल तर तिला संडास-न्हाणीचं आधी सांगा, स्पष्ट सांगा, "होईल काहीतरी" असं नको. गावाला लागून मुक्काम केला तर हा प्रश्न आपोआप सुटतो आणि जेवणाचं काम बचत गटाला मिळतं. मी एकदा बहिणीसोबत एका कंपनीच्या सहलीला गेले होते, दुसऱ्या एका जलाशयावर. लाइफ जॅकेटला कंबरेचा पट्टाच नव्हता, आणि बायांसाठी सोय विचारली तर झाडाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी कोणाला अशा सहलीला जा म्हणत नाही. तुम्ही नीट कराल तर मी स्वतः माझ्या मैत्रिणींना घेऊन येईन.

मच्छरदाणी सक्तीची करा. आमच्या जिल्ह्यात मलेरिया अजून आहे.

रेतीघाट

ताई, खूप महत्त्वाचं लिहिलं. गावाला लागून मुक्काम म्हणजे अजून एक गोष्ट जमते. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरी-लाखांदूर पट्ट्यात मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं असतात, आणि नेमका तोच आपला सीझन. दिवसभर वल्हवून संध्याकाळी पाहुणे गावात जेवतील, भरीत-भाकर, पोपटाच्या शेंगाची भाजी, जवसाची चटणी, आणि नाटक असलं तर मंडपात जाऊन बसतील. असं केरळात मिळणार नाही.

वणी_वरून

सगळं छान आहे पण नदीच्या पाण्याचं कोणी बोलाल का? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून गोसेखुर्दला येतं. वरच्या जलाशयात जलपर्णी किती माजते ते आंभोऱ्याला जाऊन बघा. त्या पाण्यात पाहुण्याला उलटवून सराव करून घ्यायचा?

धरणाखालचा

@वणी_वरून, रास्त आहे. धरणात पाणी साचून, निथळून खाली येतं, पण म्हणून नदीचं पाणी प्यायचं नाहीच. मुक्कामाच्या गावातून बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून घ्या, उकळा. अंगावर जखम असेल तर झाकूनच पाण्यात उतरा. सराव मात्र नदीवर न करता मामा तलावावर करा. गोंदिया-भंडाऱ्यात माजी मालगुजारी तलावांना तोटा नाही, पाणी स्थिर असतं, काठ जवळ असतो. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षं टिकले, पोहायला शिकवायला ह्याहून चांगली जागा नाही. फक्त कमळाच्या वेलीत जाऊ नका, पाय अडकतो.

आंभोऱ्याच्या बॅकवॉटरलाही लोक सुचवतील, पाणी मोठं, देखणं, पूल झाल्यापासून गर्दीही. पण नवख्यांना घेऊन मधे जाऊ नका. बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याखाली आहेत, आणि दुपारी वारा सुटला की त्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात, काठ दूर राहतो.

काळी_माती

मी यवतमाळचा, कामानिमित्त काही वर्षं आफ्रिकेत बोत्स्वानात होतो. तिथे ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात नेमकं हेच चालतं म्हणून सांगतो. मोकोरो म्हणून झाडाच्या खोडाची कोरलेली होडी, तिच्यात दोन पाहुणे बसतात, गावचा माणूस मागे उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने रेटतो, दोन-तीन दिवस बेटांवर तंबूत मुक्काम. पाणघोडा कुठे असतो, कोणत्या वाटेने जायचं नाही, सगळं तोच ठरवतो. पाहुणे त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. आता तिथे बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्या कारण प्रत्येक होडीला एक मोठं झाड जायचं. आकार तोच ठेवला. गावांच्या संस्था आहेत, पाळीपाळीने प्रत्येक होडीवाल्याला काम मिळतं.

मला वाटतं रेतीघाट भाऊंनी कयाक तर घ्यावीच, पण वाटाड्याची होडी आपल्या डोंग्याच्या आकाराची फायबरची करून बघावी. त्याला जी होडी उभ्याने चालवायची सवय आहे तीच द्या. उभ्या माणसाला पुढचं पाणी दूरवर दिसतं, बसलेल्याला दिसत नाही.

ढिवराचा_पोरगा

@काळी_माती हे एकदम बरोबर सांगतलं जी. उभं रायल्यावर रेतीचा रंग दिसते. बसून नुसतं चमकते.

नागपुरी_संत्रा

परवानगीचं मी बघून देतो, माझं ते काम आहे. राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ ला आलं, त्याप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, प्रशिक्षित माणसं, सुरक्षा साधनं, विमा हे सगळं दाखवावं लागतं. तुमची गावची सोसायटीच नोंदणी करू शकते का ते पाहू. शिवाय काठ जिथे वनविभागाचा आहे तिथे त्यांची वेगळी परवानगी.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र वाटाघाट नको. जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया नाव उलटून ह्याच वैनगंगेत बुडाल्या. सप्टेंबर २०२१ ला वर्धा नदीत वरुड तालुक्यात झुंज गावाजवळ नाव उलटली, ११ जण गेले. पहिली सफर निघायच्या आधी तुमच्या गावच्या प्रत्येक नावेत जॅकेट असावेत, पाहुण्यांच्याही आधी. पाहुण्यांच्या पैशातून तेवढं झालं तरी ही सफर सार्थकी लागली असं मी म्हणेन.

झाडीपट्टी_ताई

@नागपुरी_संत्रा, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्याकडच्या बाया अजून तशाच जातात, मजुरी पलीकडच्या काठावर आहे म्हणून.

रानपाखरू_भंडारा

पक्ष्यांकडून दोन शब्द. हिवाळ्यात रेतीच्या पट्ट्यांवर चक्रवाक जोडीजोडीने बसलेले असतात, कधी पट्टकदंबांचे थवे. होडी बिनआवाजाची असते म्हणून ते खूप जवळून दिसतात, पण सरळ त्यांच्यावर होडी नेऊ नका, काठ धरून वळसा घाला. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चपासून नदी सुरय रेतीवर उघड्यावरच अंडी घालतो, रेतीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. तुमचा सीझन फेब्रुवारीला बंद होतो ते ह्यासाठीही चांगलं. लोभाने मार्चपर्यंत ओढू नका.

अकोल्याचा_पाहुणा

वडशाच्या पुढे आरमोरी, मार्कंडा देवस्थानापर्यंत का नाही नेत? मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते, देवळं बघण्यासारखी आहेत. लोक चार दिवस काढतील त्यासाठी.

धरणाखालचा

@अकोल्याचा_पाहुणा, मार्कंडा सुंदर आहे, पण त्या अंगाला चिचडोहचा बॅरेज आहे. बॅरेज आणि बंधारे होडीवाल्याचे सगळ्यात वाईट शत्रू. वरून बघितलं तर पाणी सपाट, शांत, भिंत दिसतच नाही, आणि खाली पडलेलं पाणी जागच्या जागी उलटं फिरत राहतं, त्यात होडी नि माणूस दोन्ही अडकतात, जॅकेट असलं तरी. बंधारा आहे तिथे खूप आधी काठाला लागून, होडी खांद्यावर घेऊन पायी ओलांडायचा, दुसरा मार्ग नाही. पहिल्या वर्षी बंधारा नाही असाच पट्टा ठेवा. लहान बंधारेही नवीन झालेले असतात, म्हणून आधी पूर्ण मार्ग स्वतः बघून या, नकाशावर भरवसा ठेवू नका.

रेतीघाट

ठरलं. डिसेंबरमध्ये पाहुण्यांशिवाय फक्त आम्हीच जातो, गावचे तिघं-चौघं, नागपूरहून भाड्याच्या दोन उघड्या कयाक आणि आमचा डोंगा. प्रत्येक मुक्कामाच्या गावात आधी जाऊन सरपंच आणि सोसायटीशी बोलतो. खड्डे, खुंट, बंधारे, पडलेली झाडं सगळं वहीत आणि मोबाइलवर टिपून घेतो. नागपुरी_संत्रा भाऊ, नोंदणीचे कागद व्यक्तिगत निरोपाने पाठवा. ढिवराचा_पोरगा, भाऊ तुझ्या गावापासून आम्ही जाणारच, तुझे बाबा अर्धा दिवस सोबत येतील का, रोजी देऊ.

ढिवराचा_पोरगा

बाबा येतो म्हनते. रोजीचं नंतर पाहू, पन बाकीच्याइले द्याचीच, हे आधीच बोलून ठेव. चुलबंद मिळते तिथून खाली तो जास्त जानते.

रेतीघाट

लय भारी. एकच सांग, वडशाच्या पुलाखाली होड्या काढायला टेम्पो नदीपर्यंत येतो का?

ढिवराचा_पोरगा

रेती कोरडी असन तं टेम्पो फसते. वर सडकीवरच उभा ठेवा, खालून ट्रॅक्टरनं आनू. माझ्या मामाचा हाय, दोन दिवस आधी फोन कर.